शेवग्याचा पाला: चमचाभर पावडर की वाटीभर भाजी?

सांगलीकरीण
सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, गेल्या महिन्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. ही बातमी जिन्यातून वर पोचायला जितका वेळ लागला तितक्यात शेजारच्या काकू डबी घेऊन दारात हजर. "गोळ्यांनी पोट बिघडतं गं, ही शेवग्याची पावडर घे. सकाळी अनशापोटी एक चमचा." डबी शंभर ग्रॅमची, किंमत साडेतीनशे. वर हिरव्या अक्षरांत: पालकाच्या २५ पट लोह, दुधाच्या १७ पट कॅल्शियम, संत्र्याच्या ७ पट क जीवनसत्त्व.

मी हिशेबाच्या खात्यात नोकरी करते. "पट" हा शब्द दिसला की माझे हात शिवशिवतात. कशाच्या पट? किती खाल्ल्यावर? ओलं की वाळलेलं?

आमच्या सासरी सांगलीजवळ परसात शेवगा आहे. सासूबाई त्याच्या शेंगा विकतात, फुलांची भाजी करतात, पाला मात्र शेजारची शेळी नेते. म्हणजे जे घरी शेळीला घालतो तेच पुण्यात साडेतीनशे रुपयांना विकत घ्यायचं! म्हणून दोन रात्री बसून हिशेब केला. चुकला असेल तर जाणकारांनी कान पकडावा.

आधार घेतलाय हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांचा. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ खाद्यपदार्थ तपासलेत त्यात. शंभर ग्रॅम ओल्या पाल्यात लोह साधारण ४.५ मिग्रॅ, कॅल्शियम ३१४ मिग्रॅ, प्रथिनं ६.४ ग्रॅम, क जीवनसत्त्व १०८ मिग्रॅ. त्याच तक्त्यात पालक: लोह ३ला थोडं कमी, कॅल्शियम ८२, प्रथिनं २ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाला भारी आहे यात वाद नाही. पण लोहात दीडपट, पंचवीसपट नव्हे.

मग पंचवीस आले कुठून? वाळवलेल्या पाल्याच्या भुकटीत शंभर ग्रॅमला २८ मिग्रॅच्या आसपास लोह धरतात. पालकाचा आकडा याच संस्थेच्या जुन्या तक्त्यात १.१४ होता. २८ला १.१४ने भागा. आले पंचवीस. वाळक्या पाल्याची तुलना ओल्या पालकाशी केलीय! पालकात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. उद्या पालक वाळवून त्याची भुकटी केली तर तिच्यातही शंभर ग्रॅमला तीसेक मिग्रॅ लोह भरेल. मनुके घेऊन द्राक्षांशी कुस्ती लावायची आणि मनुके जिंकले म्हणून ओरडायचं, त्यातला प्रकार.

संत्र्याचं तर आणखी मजेशीर. जुन्या तक्त्यात ओल्या पाल्यात २२० आणि संत्र्यात ३० मिग्रॅ क जीवनसत्त्व, म्हणून सात पट. हे ओल्या पाल्याचं. वाळवताना आणि साठवताना क जीवनसत्त्व बहुतेक उडून जातं. डबीवर मात्र लोह वाळक्याचं आणि क जीवनसत्त्व ओल्याचं. ज्याचं जे चांगलं ते उचललंय, लग्नाच्या बायोडाट्यासारखं.

आता चमचा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पावडरीचा सपाट चमचा ठेवला. अडीच ग्रॅम. त्यात लोह ०.७ मिग्रॅ. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीप्रमाणे माझ्यासारख्या बाईला दिवसाला २९ मिग्रॅ लोह हवं. म्हणजे काकूंच्या चमच्यानं चाळिसावा हिस्सा भरला. बाजरीच्या एका मध्यम भाकरीत, साठ-पासष्ट ग्रॅम पिठाची धरा, चार मिग्रॅ असतं.

उलट माणशी साठ ग्रॅम ओला पाला धरून भाजी केली तर: लोह २.७, कॅल्शियम १९० च्या आसपास, प्रथिनं जवळपास चार ग्रॅम. कॅल्शियम पाऊण कप दुधाएवढं झालं की! पैसे शून्य, फक्त शेळीशी भांडण.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पाल्याचा गुण पाल्यात आहे, पण तो आपल्यापर्यंत पोचतो तो वाटीनं. चमच्यानं नाही. पावडरवाल्यांनी बिचाऱ्या शेवग्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलंय.

तुमच्याकडे कुठला पाला खातात, कसा करतात, औषधी म्हणून खातात की भाजी म्हणून, ते लिहा. आणि शेवग्याचा पाला निवडायची सोपी युक्ती असेल तर आधी ती सांगा. परवा दीड तास गेला माझा.


कुडाळचो_बाबू
सोमवार, रात्री १०:३५

शेळीला घालता?? अहो, आमच्याकडे या पाल्याशिवाय गोकुळाष्टमी होत नाही. आम्ही तेका शेगलाचो पालो म्हणतो. अष्टमीचा उपास सोडताना पानात आंबोळ्यो, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेगलाची भाजी. त्या दिवशी कुडाळच्या बाजारात पाल्याच्या जुड्या घेऊन बायका बसलेल्या असतात, नऊ वाजेपर्यंत सगळं संपतं.

करायची अशी: तेलात मोहरी, भरपूर कांदा, हिरवी मिरची. कांदा मऊ झाला की उकडलेल्या फणसाच्या आठळ्या (आमच्या घोट्यो) ठेचून, मग पाला. पाणी अजिबात घालायचं नाही, धुतलेल्या पाल्याला चिकटलेलं असतं तेवढं पुरे. सात-आठ मिनिटांत उतरवायची, वर ओलं खोबरं मूठभर. आठळ्या नसतील तर भिजवलेली मूगडाळ.

निवडायची युक्ती: संध्याकाळी फांद्या आणायच्या, जुन्या सुती लुंगीत घट्ट गुंडाळायच्या आणि कोपऱ्यात ठेवून झोपायचं. सकाळी गाठोडं झाडलं की पानं आपोआप खाली, काड्या हातात. लुंगी नसेल तर वर्तमानपत्र. दीड तास लागला म्हणे!


सांगलीकरीण
सोमवार, रात्री १०:४१

बाबू, तुमच्या पायांचा फोटो पाठवा, नमस्कार करते.


थाळीतज्ञ
सोमवार, रात्री ११:२०

मी आहारतज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात पंधरा वर्षं गरोदर बायकांचा आहार बघते. हिशेब बरोबर आहे ताई, पण अर्धाच आहे. ताटात किती आलं हे तुम्ही मोजलंत. रक्तात किती गेलं हा पुढचा भाग, आणि तिथे पाल्यांची खरी परीक्षा होते.

लोह: पाल्यातलं लोह अंगाला कमी लागतं. मटण-मासळीतल्या लोहाचा बराच मोठा भाग शोषला जातो, वनस्पतीतल्याचा थोडा. बरंचसं वाया जाणार हे धरूनच २९चा आकडा एवढा मोठा ठेवलाय. जेवणावर लगेच चहा घेतलात तर त्यातल्या टॅनिननं आणखी कमी. त्याच जेवणात लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो असेल तर वाढतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी कुठलीच पावडर सांगत नाही. दोनच गोष्टी सांगते: भाजीवर ताटात लिंबू पिळा, शिजताना नाही. आणि चहा जेवणाआधी-नंतर तास-दीड तास लांब ठेवा. फुकटात होणारं काम आहे, म्हणूनच बहुधा कुणी ऐकत नाही.

कॅल्शियम: पालकातलं कॅल्शियम ऑक्सलेट नावाच्या पाल्यातल्याच एका द्रव्यानं बांधलेलं असतं. शंभरातले जेमतेम पाच भाग शरीराला मिळतात, दुधातले तीसच्या आसपास. म्हणून पालकाच्या कॅल्शियमचा आकडा कागदावरच राहतो. शेवग्यात आणि मेथीत विरघळणारं ऑक्सलेट पालकापेक्षा बरंच कमी, त्यामुळे तिथलं कॅल्शियम जास्त कामाचं. घोळ, माठ, अळू, चुका ही मंडळी पालकाच्या पंगतीतली. घोळाला मात्र एक मानाचं पान द्यावं लागेल. ओमेगा ३ गटातलं एक मेदाम्ल त्या लुसलुशीत पानांत आहे, शंभर ग्रॅमला तीनशे-चारशे मिग्रॅ. पालेभाजीच्या मानानं खूप झालं.

आणि एक, पाल्यात ब१२ नसतं. कुठल्याच पाल्यात नसतं, अगदी कितीही औषधी असला तरी. शाकाहारी बाईचं हिमोग्लोबिन कमी असेल तर ब१२ तपासल्याशिवाय नुसतं लोह-लोह करू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. सगळ्यांचं कारण लोहच नसतं.

गोळ्या सोडू नका. हे पुन्हा लिहायला लागू नये.


सांगलीकरीण
सोमवार, रात्री ११:३८

गोळ्या चालू आहेत ताई, शपथ. ब१२ पण तपासलं होतं, ते बरं आहे. चहा मात्र... जेवणानंतर लगेचच घेते. घेत होते.


शंकासूर
मंगळवार, सकाळी ७:०५

जुन्या तक्त्यात पालकाचं लोह १.१४, नव्यात जवळपास ३. शेवग्याचं तर म्हणे जुन्यात ०.८५ होतं आणि नव्यात ४.५. पाच पट फरक! पाला बदलला की यंत्र बदललं? जर हैदराबादच्या संस्थेचाच आकडा एवढा उड्या मारत असेल तर तुमचा हिशेब आणि डबीवरचा हिशेब यात फरक तो काय?


थाळीतज्ञ
मंगळवार, सकाळी ९:१०

प्रश्न रास्त. पाल्यातलं लोह मोजणं हे कटकटीचं काम. पानावर धूळ-माती बसलेली असते आणि मातीत लोह भरपूर. नमुना नीट धुतला नाही तर माती मोजली जाते. शिवाय जमीन, हंगाम, जात, पान कोवळं की जून, यावर आकडा हलतोच. म्हणून मी रुग्णांना दशांश चिन्हाच्या पुढचं कधी सांगत नाही. "शेवगा पालकापेक्षा सरस, कढीपत्ता दोघांपेक्षा सरस, पण कढीपत्ता खातो किती?" एवढ्यावर काम चालतं. तक्त्याचा आकडा हा अंदाज असतो, जाहिरातीतला आकडा हा निवडलेला अंदाज असतो. फरक एवढाच, पण तो पुरेसा आहे.


गवती_चहा
मंगळवार, सकाळी ९:४४

कढीपत्त्यावरून आठवलं. तक्त्यात बघितलं तर शंभर ग्रॅमला साडेसहाशे मिग्रॅच्या वर कॅल्शियम, लोह साडेआठच्या पुढे. आमच्या घरी फोडणीत दहा पानं पडतात आणि जेवण झाल्यावर पानाच्या कडेला चौघांची मिळून दहाच्या दहा परत मोजून घेता येतात. सगळ्यात पौष्टिक पदार्थ रोज भांडी घासताना खरकट्यात जातो.

यावर उपाय म्हणजे चटणी. वाटीभर कढीपत्ता मंद आचेवर कुरकुरीत करायचा, तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, थोडी चिंच. खलबत्त्यात जाडसर. मुलं पोळीला लावून खातात आणि त्यांना कळत नाही काय खाल्लं.


चांदा_ते_बांदा
मंगळवार, दुपारी १:१५

शेवगा-शेवगा काय लावलंय बाप्पा. आमच्या चंद्रपूरकडे पहिला पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. तुम्ही टाकळा म्हणता तो. फुकट. माझी आजी म्हणायची, पावसाळ्याच्या तोंडी तीनदा तरोटा खाल्ला की वर्षभर खरूज-नायटा होत नाही. होतो की नाही ते माहीत नाही भाऊ, पण भाजी चांगली लागते. कोवळाच खुडायचा, बोटभर उंचीचा, फूल यायच्या आत. जून झाला की उग्र वास येतो आणि पोट ढाळतं. लसूण जास्त, भिजवलेली चण्याची डाळ, थोडं तिखट.

पण एक सांगतो, हे नीट वाचा. तरोट्याशेजारीच त्याचा चुलतभाऊ उगवतो, कासविंदा. शहरातली पोरं रानभाज्या गोळा करायला येतात आणि दोन्ही एकाच पिशवीत भरतात. ओळख अशी:

तरोट्याच्या एका देठाला पानांच्या तीन जोड्या. पान टोकाला गोल, देठाकडे निमुळतं, बाळाच्या पावलासारखं. संध्याकाळ झाली की जोड्या मिटतात, हात जोडल्यासारख्या. कासविंद्याला चार-पाच जोड्या, पानाचं टोक भाल्यासारखं. चुरगाळलं की घाण वास. शेंगेतही फरक आहे, तरोट्याची बारीक दाभणासारखी आणि वाकडी, कासविंद्याची चपटी.

कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दर हिवाळ्याच्या तोंडी अचानक बेशुद्ध होऊन दगावायची. मेंदूज्वर म्हणायचे. डॉक्टरांनी माग काढत काढत २००७ च्या सुमारास कासविंद्याच्या बियांपर्यंत नेलं. पोरं खेळता खेळता शेंगा खायची. म्हणून म्हणतो, ओळखणारा माणूस सोबत नसेल तर रानात शिरून खुडू नका. बाजारात बसलेल्या आदिवासी बाईकडून घ्या, तिचे चार पैसे होतील आणि तुमचा जीव वाचेल. ऑगस्टात कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, तिथेही ओळख करून घेता येते.


पणजीची_पोर
मंगळवार, दुपारी २:०२

आमचा तायकिळो! गोव्यात पहिल्या पावसात हाच, आणि तोही फणसाच्या बियांबरोबरच. कुडाळच्या बाबूंच्या आठळ्या वाचून कळलं की ज्या पाल्यात पीठूळ काही नाही त्याला कोकणपट्टीत सगळीकडे आठळीचाच आधार. मे महिन्यात मातीत लोळवून ठेवलेल्या बिया जूनमध्ये बाहेर निघतात.


तंजावरकर_चेन्नई
मंगळवार, दुपारी ४:३०

इथे तमिळनाडूत हादग्याचा पाला खातात, अगत्ती कीरै. तुमच्या महाराष्ट्रात हादग्याची फुलं खातात, त्याच्या नावानं मुली फेर धरून गाणी म्हणतात आणि पाला तुमच्या त्याच शेळीला, असं ऐकून आहे. कॅल्शियममध्ये हा शेवग्याला मागे टाकतो, नऊशे मिग्रॅच्या आसपास. पण कडू. इथे एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना पानात अगत्ती हवीच, आमच्या मराठी घरांतही हवी. नारळ घालून परततात, तरी कडू ती कडूच. माझे आजोबा म्हणत, उपाशी माणसालाच ही भाजी आवडते म्हणून द्वादशीला ठेवलीय.


वैद्य_परांडेकर
मंगळवार, रात्री ८:४५

(मी वैद्य आहे. आयडीतलं आडनाव खरं नाही, गाव खरं आहे.)

पाला म्हणजे आरोग्य आणि आयुर्वेद म्हणजे पाल्याचा रस, असा जो समज पसरलाय त्याला आमच्या ग्रंथांचा आधार शोधायला गेलात तर निराश व्हाल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २७व्या अध्यायात शाकवर्ग आहे. तिथे कित्येक पालेभाज्यांबद्दल सांगितलंय की त्या वाफवून, पिळून, रस टाकून, भरपूर स्नेह म्हणजे तूप-तेल घालून खाव्यात. कच्चा रस पेलाभर अनशापोटी प्या असं नव्हे. तुमच्या आज्या पाला उकळून पाणी टाकायच्या ते अडाणीपणानं नव्हे.


थाळीतज्ञ
मंगळवार, रात्री ९:३०

वैद्यबुवा, दोन्ही गोष्टींना आमच्याकडूनही अनुमोदन, पण एका अटीवर.

उकळून पाणी टाकलं की विरघळणारं ऑक्सलेट त्या पाण्याबरोबर जातं. मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना पालक-माठ-घोळ असेच करून खायला सांगते मी. ताकातली भाजी हा त्याच्यापुढचा शहाणपणा. ताकातलं कॅल्शियम ऑक्सलेटला आतड्यातच धरून ठेवतं, मूत्रपिंडापर्यंत जाऊ देत नाही. अळूला चिंच किंवा आंबट चुका लागतोच, नाहीतर घशाला खाज. त्या खाजेचं कारण कॅल्शियम ऑक्सलेटच्या सूक्ष्म सुया.

तेल-तुपाचंही खरं. पाल्यातलं बीटा कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व बनतं, ते स्निग्धाशिवाय शोषलं जात नाही. आणि तरीही सगळं शोषलं जात नाही. १९९५ साली इंडोनेशियात स्तनदा मातांवर एक चाचणी झाली. एका गटाला बारा आठवडे रोज परतलेल्या हिरव्या भाज्या, दुसऱ्या गटाला तितकंच बीटा कॅरोटीन घातलेली बिस्किटं. बिस्किटवाल्यांचं अ जीवनसत्त्व सुधारलं, भाजीवाल्यांचं नाही. पानाच्या पेशीत ते इतकं घट्ट कोंडलेलं असतं. तेव्हा जाहिरातीत गाजराच्या दहापट अ जीवनसत्त्व वगैरे वाचलं की मला हे बिस्किट आठवतं.

अट ही, की शेवगा, मेथी, चाकवत यांचं पाणी टाकायची गरज नाही. त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं. गरोदर बाईला फोलेट हवं असतं. म्हणजे कुठला पाला, कोण खाणार, यावर ठरवा. सगळ्याच पाल्यांना एकच न्याय नको.


वैद्य_परांडेकर
मंगळवार, रात्री ९:५२

मान्य. व्यक्ती बघून आहार, हेच तर आम्ही सांगतो. तुम्ही आकड्यांत सांगता एवढाच फरक.


निसर्गप्रेमी_१९६२
बुधवार, सकाळी ६:१५

🙏 सुप्रभात 🙏 गुळवेलीची ४ पाने, तुळशीची ७ पाने, कडुनिंबाची ५ पाने रोज सकाळी चावून खा. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, कर्करोग जवळ येणार नाही. मी १० वर्षे करतोय. डॉक्टरांची दुकाने बंद होतील. पुढे पाठवा.


शंकासूर
बुधवार, सकाळी ६:४०

आला. म्हणलं अजून कसा आला नाही.


रक्तपातळ
बुधवार, सकाळी १०:२०

हसण्यावारी नेऊ नका. नेहमी वाचनमात्र असतो, आज लिहितोय.

वडिलांची हृदयाची झडप बदललेली आहे, धातूची. रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर. दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) तपासतो, अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगितलंय. गेल्या वर्षी एका महिन्यात तो १.६ वर आला. गोळी चुकली नव्हती, मी स्वतः डबीत भरून देतो. डॉक्टर विचारत होते, खाण्यात काय बदललं? बाबा म्हणाले काही नाही. शेवटी आईनं सांगितलं की व्यायामाच्या कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून हे तीन आठवडे रोज पेलाभर हिरव्या पाल्याचा रस घेतायत. शेवगा, पालक, कोथिंबीर, सगळं एकत्र.

हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते त्या गोळीच्या नेमकं उलट काम करतं. झडपेवर गुठळी धरली असती. डॉक्टरांनी पालेभाजी बंद करायला सांगितलं नाही, उलट दर आठवड्याला सारखीच खा म्हणाले, म्हणजे गोळीचा डोस तिच्याशी जुळवता येतो. एकदम वाढवायची नाही, एकदम बंद करायची नाही. आता आमच्याकडे मंगळवार-शुक्रवार पालेभाजी, वाटीभर. आई कॅलेंडरवर खूण करते.


थाळीतज्ञ
बुधवार, सकाळी ११:०५

हे लिहिल्याबद्दल आभार. गुळवेलीचंही सांगून टाकते. करोनाच्या काळात घराघरांत काढे उकळत होते. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली: गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा. आयुष मंत्रालयानं तेव्हा आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही म्हणून. वाद बाजूला ठेवला तरी निष्कर्ष दोन्हीकडून एकच निघतो: वेल खरी असेल तरी जपून आणि ओळख चुकली असेल तर आणखी जपून. यकृताचा किंवा थायरॉईडसारखा प्रतिकारशक्तीचा आजार असलेल्यांनी तर वैद्याला विचारल्याशिवाय नकोच.


वैद्य_परांडेकर
बुधवार, सकाळी ११:३०

यात मी थाळीतज्ञांच्या बाजूनं. औषधात मुख्यतः गुळवेलीचं खोड वापरतात. औषध म्हणून घ्यायचं तर मात्रा आणि मुदत असते, "दहा वर्षं रोज" नसतं. भाजी म्हणून खायचं तर भाजीसारखं खा, कधीमधी, शिजवून.


एडिसनचा_आबा
बुधवार, रात्री ८:१०

न्यू जर्सीत शेवग्याचा पाला कुठे मिळतो यावर कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. देशी दुकानात शेंगा मिळतात, पाला क्वचित. पण फिलिपिनो दुकानात फ्रीजरमध्ये गोठवलेल्या विटा असतात, नाव मालुंगाय. त्यांच्याकडे कोंबडीच्या रश्शात कच्ची पपई आणि हा पाला घालतात, बाळंतिणीला दूध यावं म्हणून तर हमखास. काउंटरवरच्या बाईंनी मला विचारलं, घरी बाळ आलंय का? वय वर्षं अडुसष्ट आहे माझं.

त्या विटेचे तुकडे थालिपिठाच्या भाजणीत मळतो. गोठवलेल्या पाल्यात वाळवलेल्यापेक्षा क जीवनसत्त्व बरं टिकतं असं मुलगी म्हणते. मला फक्त एवढं कळतं की थालिपीठ मऊ होतं आणि लोणी जास्त लागतं.


चिवडा_मिश्र
बुधवार, रात्री ९:२५

मग पावडर पूर्णच टाकाऊ का? घरी सावलीत वाळवलेली असेल तर?


सांगलीकरीण
बुधवार, रात्री १०:००

टाकाऊ नाही म्हणणार मी. उन्हात वाळवलं तर कॅरोटीन जातं, सावलीत वाळवलं तर बरंच राहतं. लोह-कॅल्शियम कुठे उडून जात नाही. फक्त अनशापोटी चमचा कोमट पाण्यात हलवून, नाक दाबून घ्यायला ते औषध नाही. पिठात मूठभर घाला, वरणात घाला, रोज घाला. पंधरा-वीस ग्रॅम गेली तर हिशेबात धरण्याजोगी. तेवढी काकूंच्या डबीतली घातली तर डबी आठवडाभरात संपते आणि मी दिवाळखोर.


सांगलीकरीण
दहा आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:१५

धागा वर काढते, काहींनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं म्हणून.

हिमोग्लोबिन ११.७. श्रेय कुणाला? प्रामाणिकपणे, गोळीला. एका गोळीत ६० मिग्रॅ लोह, माझी भाजीची वाटी पावणेतीन मिग्रॅची. तिथे झुंजच नाही. पण डॉक्टर म्हणाले, भरलेली टाकी पुन्हा रिकामी होऊ नये म्हणून जेवण सुधारायचं असतं. ते सुधारलंय. आठवड्यातून दोनदा शेवगा, एकदा मेथी किंवा चाकवत, पानात लिंबाची फोड. चहा साडेतीनला. पहिले आठ दिवस डोकं दुखलं, कुणाशी नीट बोलले नाही, घरच्यांची माफी मागते.

सासूबाईंना पाला पाठवायला सांगितलं तर आधी म्हणाल्या, "पुण्यात एवढी वाईट परिस्थिती आली का गं?" मग पावसात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके आले, त्यात तीन आठवडे गेले. त्यांनी चुलीतली राख मारली, काही झालं नाही, शेवटी मशाल फिरवली. आता झाड चार हातांवर छाटलंय, नवी फूट भरभरून आलीय. दर शनिवारी ओळखीच्या एसटी कंडक्टरबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेला भारा येतो. आणि बाबूंची लुंगी लागलीच नाही! सांगली ते स्वारगेट एवढ्या प्रवासात पानं आपोआप गळून पुडक्याच्या तळाशी बसलेली असतात. वरून काड्या उचलायच्या, खालून पाला घ्यायचा. दहा मिनिटं.

काल भारा जरा मोठाच आला म्हणून अर्धा पाला डब्यात भरून काकूंकडे नेऊन दिला. सगळं समजावून सांगितलं, कांदा, मूगडाळ, खोबरं, पाणी घालू नका, वर लिंबू. काकूंनी लक्ष देऊन ऐकलं. झाकण उघडून वास घेतला. मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि हा सकाळी किती चमचे घ्यायचा?"